मेलेआग्रो उर्फ टर्की

एस्पेरान्तो भाषेत टर्की या पक्ष्याला 'मेलेआग्रो' म्हणतात. उच्चार मे-ले-आ-ग्रो, आघात 'आ'वर. शेवटून दुसऱ्या स्वरावर आघात द्यायचा हा या भाषेचा नियम, आणि त्याला एकही अपवाद नाही. (अपवाद नसणं हेच या भाषेचं सगळ्यात मोठं भांडवल आहे.) गेले दोन-तीन महिने हा शब्द माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. त्याच्या मागे मागे गेलो तर भलतीकडेच जाऊन पोचलो, म्हणून म्हटलं लिहून काढावं.

माझं एस्पेरान्तोचं खूळ इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहेच. नव्यांसाठी थोडक्यात: बियालिस्तोक नावाच्या गावात १८५९ साली जन्मलेल्या झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने ही भाषा रचली. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू, चौघांच्या चार भाषा आणि रोजची भांडणं. सगळ्यांना सारखीच परकी, म्हणून सगळ्यांना सारखीच जवळची अशी एक भाषा असावी असं त्याच्या मनाने घेतलं. १८८७ साली वॉर्सॉमध्ये त्याने पहिलं पुस्तक छापलं, त्यावर स्वतःचं नाव न घालता 'डॉक्टर एस्पेरान्तो' असं टोपणनाव घातलं. एस्पेरान्तो म्हणजे आशा बाळगणारा. भाषेचं नाव त्याने साधं ठेवलं होतं, 'लिंग्वो इंतेर्नात्सिया', आंतरराष्ट्रीय भाषा. पण लोकांनी ते नाव बाजूला ठेवलं आणि लेखकाचं टोपणनावच भाषेला चिकटवलं. म्हणजे ही भाषा मुळात दुसऱ्याच्याच नावाने ओळखली जाते. हे लक्षात असू द्या.

झामेनहोफने शब्द हवेतून काढले नाहीत, युरोपातल्या भाषांमधून वेचले. कुत्रा 'हुंदो' जर्मनमधून, पक्षी 'बिर्दो' इंग्रजीतून. पक्ष्यांची नावं मात्र बरीचशी लॅटिनमधली. चिमणी 'पासेरो', पाकोळी 'हिरुंदो', कावळ्याचा मोठा भाऊ डोमकावळा 'कोर्वो', मोर 'पावो'. (हे ऐकून माझ्या आत्याने विचारलं होतं, "आणि पाव?" पाव म्हणजे 'पानो'.)

आत्या नाशिकला असते, मी पुण्याला. दर रविवारी सकाळी साडेदहाला मी तिला फोन करतो. ती यंदा ऐंशीला आली. गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत. माझं एस्पेरान्तो सुरू झाल्यावर पहिले काही दिवस तिने "हे शिकून पगार वाढणार आहे का?" वगैरे करून घेतलं, पण मग तिलाच गोडी लागली. दर रविवारी एक शब्द सांगायचा, तोही शक्यतो पक्ष्याचा. आणि नुसता शब्द चालत नाही. "असं का म्हणतात?" हा प्रश्न ठरलेला. ती चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होती, व्युत्पत्ती म्हटलं की तिचे कान टवकारतात.

नोव्हेंबरात न्यू जर्सीहून तिच्या नातीने घरच्या ग्रुपवर भलंमोठं भाजलेलं टर्कीचं धूड टाकलं. आत्या शाकाहारी. तिने त्या फोटोवर एवढंच लिहिलं, "हे आपल्यात काय म्हणतात?" कोणालाच सांगता येईना. मराठीत टर्कीला टर्कीच म्हणतात. मग रविवारी फोनवर मला हुकूम झाला, तुझ्या त्या भाषेत बघ.

बघितलं. आणि सापडलं ते असं की जगात या एका पक्ष्याइतका पत्ता चुकलेला प्राणी दुसरा नसेल.

टर्की मूळची अमेरिकेतली. मेक्सिकोतल्या लोकांनी ती युरोपीय जहाजं यायच्या कितीतरी आधी माणसाळवली होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी ती युरोपात आणली. ती कुठून आली याचा पत्ता तिथल्या सर्वसामान्य माणसाला नव्हता. परदेशी वस्तू म्हणजे तुर्की व्यापारी आणणार किंवा इंडियातून येणार, एवढंच ज्ञान. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानची ठरवली. खुद्द तुर्क लोक तिला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांचा 'दँद' म्हणजे 'इंडियाची' कोंबडी. पोलिश 'इंदिक', रशियन 'इंदेइका', झामेनहोफच्या घरच्या यिद्दिशमध्येही 'इंदिक', हिब्रूत 'तर्नेगोल होदू', म्हणजे हिंदुस्थानी कोंबडा. यातला इंडिया पुष्कळदा कोलंबसाचा इंडिया, म्हणजे अमेरिकाच, असं समजून सोडून देता आलं असतं. पण डचांनी तेवढीही पळवाट ठेवली नाही. त्यांनी नाव ठेवलं 'काल्कून', कालिकतची कोंबडी! आपलं केरळातलं कालिकत, जिथे १४९८ साली वास्को द गामा पोचला. स्वीडिश, डॅनिश, फिनिश, लिथुआनियन, सगळ्यांनी तेच उचललं. कालिकतला त्या काळी टर्कीचं पीसही नव्हतं. (गंमत म्हणजे मल्याळममध्ये 'कोळि' म्हणजे कोंबडी, आणि कोंबड्याची बांग ऐकू जाईल तेवढी जमीन राजाला मिळाली, तेच कोळिक्कोड, अशी तिथली एक लोककथा आहे. डचांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडला.)

मलायात तिला 'आयम बलांदा' म्हणजे डच कोंबडी म्हणतात. इजिप्तमध्ये 'रूमी कोंबडा'. पोर्तुगीजांनी 'पेरू' म्हटलं, पेरू देशावरून. तोच शब्द 'पीरू' होऊन उर्दू-हिंदीच्या जुन्या कोशांत बसलाय. आपण मराठी माणसं पेरू म्हणजे फळ समजतो, आणि तो शब्दही पोर्तुगीजच, पण वेगळा. 'पेरा' म्हणजे त्यांचं नासपती. तेव्हा पोर्तुगीज माणसाला "मी दुपारी पेरू खाल्ला" असं सांगताना जरा जपून.

मला यात सगळ्यात शहाणे वाटले ते जपानी. त्यांनी पत्ता विचारलाच नाही, पक्ष्याकडे पाहिलं. डोक्यामानेचे रंग सारखे बदलतात म्हणून ते तिला 'सात तोंडांचा पक्षी' म्हणतात. इराणी लोकांनीही पाहिलं. त्यांच्याकडे 'बूकलमून' हा एकच शब्द सरड्यालाही आहे आणि टर्कीलाही.

इथे जहांगीर बादशहाचा उल्लेख टाळता येत नाही. १६१२ साली त्याचा माणूस मुकर्रबखान गोव्याहून चित्रविचित्र वस्तू आणि प्राणी विकत घेऊन आग्ऱ्याला आला. त्यात टर्कीचा नर होता. बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की हे प्राणी त्याने कधी पाहिले नव्हते आणि त्यांची नावंसुद्धा कोणाला ठाऊक नव्हती. मग त्याने नाव शोधत न बसता वर्णनच लिहिलं. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो. मान आता पोवळ्यासारखी लाल तर थोड्या वेळाने कापसासारखी पांढरी, सरड्यासारखी. डोक्यावरचं मांस हत्तीच्या सोंडेसारखं लोंबतं आणि वर ओढून घेतलं की गेंड्याच्या शिंगासारखं उभं राहतं. उस्ताद मन्सूरने काढलेलं टर्कीचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. चित्र एकदा बघाच. चारशे वर्षांपूर्वी इतक्या जवळून, इतक्या निवांतपणे या पक्ष्याकडे कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आणि हे सगळं नावाशिवाय.

आता झामेनहोफकडे. १८९३ साली त्याने पाच भाषांतला शब्दकोश काढला: फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन, पोलिश. या पाचांत टर्कीचं काय होतं बघा. तीन भाषा हिंदुस्थानकडे बोट दाखवतात, एक तुर्कस्तानकडे, आणि जर्मन तेवढी तिच्या 'त्रुत त्रुत' ओरडण्याकडे. सगळ्यांची म्हणून जी भाषा करायची, तिच्यात एका देशाच्या गळ्यात हा पक्षी कसा बांधणार? (इंडियाच्या गोंधळाबद्दल ही भाषा तशी काटेकोर आहे. आपण ते 'हिंदो' आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी ते 'इंदियानो'. इंग्रजीला हे अजून नीट जमलेलं नाही.) म्हणून या भाषेने शास्त्रीय नावाचा आसरा घेतला असणार, असा माझा तर्क. १७५८ साली लिनियसने टर्कीला नाव दिलं 'मेलेआग्रिस गालोपावो'. त्यातला पहिला शब्द घेतला, शेवटी नामाचा 'ओ' लावला, झाला मेलेआग्रो.

हे मी आत्याला विजयी मुद्रेने सांगितलं. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "बरं. आणि मेलेआग्रिस म्हणजे काय?"

मेलेआग्रिस हा ग्रीक शब्द, आणि तो टर्कीचा नव्हेच. ग्रीकांना टर्की कुठून माहीत असणार? तो गिनी फाउलचा. आपल्याकडे हल्ली काही कोंबडीपालक ठेवतात तो आफ्रिकेतला पक्षी: गुबगुबीत, डोकं बोडकं, आणि काळसर राखाडी अंगावर पांढरे ठिपकेच ठिपके. ठिपक्यांची चंद्रकळा नेसल्यासारखा. ग्रीकांनी हे पक्षी लेरोस बेटावर आर्टेमिस देवीच्या देवळात पाळले होते. आणि ठिपके कशाचे, तर त्याची कथा आहे.

कॅलिडॉनच्या राजाला मुलगा झाला, मेलिआगर. तो लहान असताना दैवाच्या देवता येऊन सांगून गेल्या की चुलीत ते जळतंय ना लाकूड, ते जळून संपेपर्यंत याचं आयुष्य. आईने झटकन ते लाकूड ओढलं, विझवलं आणि पेटीत लपवून ठेवलं. मुलगा मोठा झाला. राजाने एका वर्षी सगळ्या देवांना नैवेद्य दाखवला आणि आर्टेमिसला विसरला. तिने रागावून राज्यात एक अक्राळविक्राळ रानडुक्कर सोडलं. मेलिआगरने ते मारलं, पण मारल्यावर मान कोणाला द्यायचा यावरून भांडण झालं आणि त्याच्या हातून दोन्ही मामा मारले गेले. भाऊ गेल्याच्या दुःखात आईने पेटी उघडली आणि ते लाकूड आगीत टाकलं. तो गेला. मग त्याच्या बहिणी त्याच्या समाधीपाशी रडत बसल्या. इतक्या रडल्या, इतक्या रडल्या, की शेवटी आर्टेमिसला दया आली आणि तिने त्यांचे पक्षी करून टाकले. मेलिआगरच्या बहिणी म्हणून 'मेलेआग्रिदेस'. अंगावरचे ठिपके ते त्यांचे अश्रू.

(एक गंमत सांगून टाकतो, नाहीतर राहील. एस्पेरान्तोत पिल्लासाठी '-इदो' लावतात. तेव्हा टर्कीचं पिल्लू म्हणजे 'मेलेआग्रिदो'. कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण त्या बहिणींचं नाव फिरून फिरून टर्कीच्या पिल्लाला मिळालं.)

गिनी फाउल युरोपातून मधली कित्येक शतकं जवळजवळ दिसेनासा झाला. पुढे पोर्तुगीजांनी तो पश्चिम आफ्रिकेतून पुन्हा आणला, आणि साधारण त्याच सुमारास मेक्सिकोतून टर्की आली. दोन्ही अनोळखी, दोन्ही मोठ्या कोंबडीसारख्या, दोन्ही बोडक्या डोक्याच्या. इंग्रजीत 'टर्की' हा शब्दसुद्धा आधी गिनी फाउललाच होता. पंडितांनी जुने ग्रंथ उघडले, त्यात मेलेआग्रिस सापडला, आणि नव्या पाहुणीला ते नाव देऊन मोकळे झाले. लिनियसने त्यावर शिक्का मारला. मग खरी मेलेआग्रिस जी, तिचं काय? तिला पुढे 'नुमिदा' हे नवं नाव दिलं, उत्तर आफ्रिकेतल्या नुमिदिया प्रांतावरून. जुनं नाव मागे शेपटासारखं जोडलं: नुमिदा मेलेआग्रिस. एस्पेरान्तोत ती 'नुमिदो'.

हे सगळं सांगायला मला तीन रविवार लागले. बहिणींची गोष्ट झाली तेव्हा आत्या काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. बाबा जाऊन, म्हणजे तिचा दादा जाऊन, तेव्हा सहा वर्षं झाली होती. २०१९ची दिवाळी आम्ही कोणीच केली नव्हती.

तिसऱ्या रविवारी, नाव नव्या पाहुणीला दिलं आणि जुनीला नवं नाव ठेवलं हे ऐकून मात्र ती मोठ्याने हसली. म्हणाली, "आमच्याकडे उलटं झालं रे. नवी होते तिचं गेलं."

हे मला अर्धवट माहीत होतं. आत्याचं लग्न १९६६ सालचं. तिच्या थोरल्या जावेचं आणि तिचं नाव एकच निघालं. एका घरात एकाच नावाच्या दोघी चालायच्या नाहीत, हाक मारायची पंचाईत. मग ताटात तांदूळ पसरून काकांनी (आत्याच्या यजमानांना आम्ही काकाच म्हणायचो) अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, संपलं. माहेरचं नाव एका फुलाचं होतं, सासरचं एका नदीचं. नावं इथे लिहीत नाही, वाचणाऱ्या निम्म्या मंडळींना ठाऊकच आहेत. निम्म्यांना ठाऊक असेल ते मात्र नदीचंच.

"राग आला होता का?" मी विचारलं. म्हणाली, "राग कसला? सगळ्यांचीच बदलायची. सासूबाईंनी निदान विचारलं तरी, कुठलं आवडेल म्हणून. पण महिनाभर कोणी हाक मारली की मी वळायचेच नाही. त्यांना वाटायचं सूनबाईंना कमी ऐकू येतं."

पुढे शाळेचा दाखला फुलाच्या नावाचा आणि बाकी सगळं नदीचं. पासपोर्ट काढताना एका कचेरीत तिला सांगण्यात आलं की आधी दोघी एकच आहात असं लिहून आणा. शंभराच्या स्टँपपेपरवर तिने लिहून दिलं की 'उर्फ'च्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही नावांची व्यक्ती मीच. तो कागद तिने अजून जपून ठेवलाय. म्हणते, माझी दोन्ही नावं शेजारी शेजारी असलेला तेवढा एकच कागद आहे.

"फुलाच्या नावाने शेवटपर्यंत फक्त दादा हाक मारायचा," ती म्हणाली. "आई-अप्पा गेल्यावर तो एकटाच. फोनवरसुद्धा. तो गेला आणि ते नाव घेणारं माणूसच उरलं नाही बघ."

मला एकदम काही सुचेना. म्हटलं, मी म्हणू का त्या नावाने?

"वेडा की काय तू! तू आपलं आत्याच म्हण." मग थोडं थांबून, "पण एक लिहून ठेव. तू ते लिहितोस ना, सगळे वाचतात ते. त्यात लिही. मी गेले की पेपरात द्याल तेव्हा माहेरचं नाव घालायचं. आणि कंसात नाही घालायचं. पेपरात बघते मी रोज, कंसात असतं. कंसाबाहेर घालायचं. आधी."

तर आतेभावा आणि आतेबहिणींनो, लिहिलं. रागावू नका, असलं अभद्र आत्ताच कशाला म्हणून. तिने सांगितलंय आणि तारीख-वार घालून सांगितलंय. छोट्या जाहिरातीला शब्दांवर पैसे घेतात म्हणे, एक शब्द वाढला तर माझ्याकडून घ्या. आणि न्यू जर्सीवाल्यांनो, तुमच्या आजीचं पहिलं नाव माहीत नसेल तर पुढच्या फोनवर तिलाच विचारा. सांगायला ती एका पायावर तयार आहे. व्युत्पत्तीसकट सांगेल.

फोन ठेवताना तिने नुमिदोबद्दल पुन्हा विचारलं. "म्हणजे गावावरून नाव ठेवलं तिचं?"

"गावावरून म्हणजे, प्रांतावरून."

"खरंच तिकडची आहे का पण?"

म्हटलं, आफ्रिकेची तर नक्कीच आहे.

"मग ठीक आहे. त्या दुसरीपेक्षा बरं."

पुढच्या रविवारसाठी 'उपुपो' काढून ठेवलाय. म्हणजे हुदहुद, तुरेवाला. लॅटिनमध्ये 'उपुपा'. याची व्युत्पत्ती दोन मिनिटांत संपेल असं दिसतंय, कारण हा पक्षी झाडावर बसून स्वतःचंच नाव घेत असतो.